आवाज बदललेली गाडी

ताई : अरे, ढकलतोस कुठे? पुढे चढ आहे. आणि ते हेल्मेट काढ आधी, मी कधीची हाका मारतेय.

छोट्या : काही नाही गं ताई. जरा अडकलीय. होईल सुरू. तू जा आत.

ताई : जा आत काय! बापाच्या दारात गाडी बंद पडलीय आणि तू मलाच आत घालवतोस? गेटाशी लाव ती. मी धरते मागनं.

छोट्या : नको, नको. हळू बोल ना जरा.

ताई : का? हळू का बोलू?

छोट्या : बाबा उठलेत?

ताई : कधीचे! खुर्चीत बसलेत. पण थांब, तू इथनं कसा? तू तर म्हणाला होतास, शोरूमची वेळ बदलली, आता पुलाकडच्या रस्त्यानं जातो. म्हणून सकाळी थांबायला जमत नाही.

छोट्या : हो, म्हणजे... आज इकडनं आलो.

ताई : आजच आलास आणि आजच नेमकी बंद पडली?

छोट्या : आता पडली त्याला मी काय करू?

ताई : माझ्याकडे बघून बोल.

छोट्या : थांब, फोन वाजतोय. हॅलो. हो साहेब. निघालोय साहेब, गाडी बंद पडलीय. नाही नाही, इथेच, रस्त्यात. आजूबाजूला? नाही हो, ओळखीचं कुणी नाही इथं. बघतो मी काहीतरी. हो. हो साहेब.

ताई : ओळखीचं कुणी नाही.

छोट्या : अगं, साहेबांना कुठे सगळं सांगत बसू...

ताई : मग मी कोण? दिव्याचा खांब?

छोट्या : तू प्रत्येक गोष्ट धरून बसतेस.

ताई : बरं, नाही धरत. हे काय लावलंस इथं? इथं ती काळी चौकोनी पेटी होती ना, सीटखाली? बाबा दर रविवारी उघडून पुसायचे ती. हे लाल नरसाळं कसलं?

छोट्या : एअर फिल्टर आहे. पेटी काढून टाकली आणि हा थेट कार्ब्युरेटरला बसवला. मोकळी हवा मिळते. गाडीला दम येतो.

ताई : आला की दम! बघतेच आहे.

छोट्या : जुन्या गाडीला थोडं ॲडजस्ट करावं लागतं. पेट्रोल सोडणारी जेट बदलायला हवी होती, ती राहिली. पेट्रोल तेवढंच आणि हवा जास्त जाते, म्हणून हळू केली की बंद पडते.

ताई : कधी बसवलास?

छोट्या : झाले असतील दोनेक महिने.

ताई : दोनेक महिने. आणि हे असं उघडं ठेवल्यावर आवाज बदलत असेल गाडीचा.

छोट्या : थोडासा.

ताई : घुं घुं करत असेल. पाण्याचा पंप लावल्यासारखी. अरे देवा. ती तू आहेस? रोज सकाळी भांडी घासताना ती गाडी जाते आणि रोज मी शिव्या घालते तिला! काय मेल्यानं गाव डोक्यावर घेतलंय, ह्याच्या घरी आईबाप आहेत की नाही, असं म्हणते मी. रोज म्हणते!

छोट्या : हळू बोल गं, पाया पडतो.

ताई : म्हणजे पुलाचा रस्ता वगैरे सगळं खोटं. तू रोज इथनंच जातोस. दारावरनं जातोस आणि थांबत नाहीस.

छोट्या : उशीर होतो, ताई. तुला माहितीये ना ते कसे करतात? गाडीचा आवाज आला की गेटावर येऊन उभे. मग हँडल धरायचं. सोडायचंच नाही. जेवलास का, टायरमध्ये हवा बघितलीस का, ते औषधांच्या पेट्या दुकानांत पोचवायचे तेव्हा या गाडीवरनं नदी कशी पार केली होती. रोज तीच नदी, ताई. रोज पाणी थोडं वाढलेलं. अर्धा तास जातो माझा.

ताई : तुझा अर्धा तास जातो. माझा दिवस जातो.

छोट्या : मला माहितीये.

ताई : तुला काही माहीत नाही. बाबांनी आवाज ओळखू नये म्हणून तू फिल्टर बदललास. हो की नाही? एवढं सांग, मग मी जाते आत.

छोट्या : दमासाठी पण...

ताई : हो की नाही?

छोट्या : हो.

ताई : ज्या माणसाला दिसत नाही, त्याच्यापासून लपण्यासाठी. मला तर काय बोलावं तेच कळत नाहीये. दोन महिने मी त्यांना सांगतेय, बाबा, त्याला काम वाढलंय, बाबा, त्याचा रस्ता बदललाय. आणि ते रोज उठल्या उठल्या आधी दाढी करून बसतात. पूर्वी निवांत करायचे. तुझी गाडी आली की अर्धी टाकून पळायचे बाहेर. आता आधी दाढी, मग चहा. गाल कापून घेतात, तरी आधी दाढी. शर्टाची बटणं मला दोनदा तपासायला लावतात. मी म्हणते, कोण येणार आहे आपल्याकडे?

छोट्या : कधीपासून?

ताई : काय कधीपासून?

छोट्या : दाढी. बटणं.

ताई : तेव्हापासूनच. का रे? असा खाली का बसलास? बरं वाटत नाहीये का?

छोट्या : काही नाही. प्लग बघतो.

बाबा : अगं, कोण आहे? छोट्या आहे ना?

ताई : बाबा, पायरी! थांबा तिथेच, मी येते.

बाबा : पायरी माहितीये मला, तिनं जागा नाही बदललेली. बंद पडली ना? मला वाटलंच. परवापासून खोकतेय ती.

ताई : तुम्हाला माहीत होतं?

बाबा : काय?

ताई : ती घुं घुं गाडी ह्याची आहे ते!

बाबा : त्याची कुठली? माझी. त्याला वापरायला दिलीय. अगं, माझ्या बुडाखाली निम्मं आयुष्य गेलंय तिचं. उद्या सर्दीनं तुझा घसा बसला तर मी काय तुला बाई, आपण कोण, असं विचारीन?

ताई : म्हणजे रोज सकाळी तुम्ही ‘गेला बरं का’ म्हणता ते...

बाबा : मग काय दूधवाल्याला म्हणतो?

ताई : मला दूधवाल्याचंच वाटायचं!

बाबा : दूधवाला सायकलवर येतो, अगं. आणि नुसती गाडी कशाला, चालवणारा पण कळतो. हा वळणावर गियर उशिरा टाकतो. गाडी कण्हायला लागेपर्यंत थांबतो आणि मग टाकतो. शिकवली तेव्हापासून सांगतोय. ते काय फिल्टर बदलून जातंय?

छोट्या : बाबा, तुम्ही कशाला बाहेर आलात? मी करतो इथं काहीतरी.

बाबा : किती किका मारल्यास?

छोट्या : बऱ्याच मारल्या.

बाबा : नुसत्या मारून काय उपयोग? अगं, ऐक. माळ्यावर निळा डबा आहे बघ माझा, हत्यारांचा. त्यात प्लगचा पाना आहे. तो आण.

ताई : माळ्यावर? शिडी लावावी लागेल.

बाबा : लाव की मग. आणि सावकाश. पडशील.

ताई : ह्याच्याकडे गाडीत असेल ना पाना.

बाबा : तो नको. माझाच आण.

ताई : आणते. तू कुठे जाऊ नकोस हं! जाशील कसा म्हणा.

बाबा : गेली?

छोट्या : गेली.

बाबा : हात दे तुझा. गाडी कुठाय? हां. सीट फाटलीय वाटतं.

छोट्या : करायचीय.

बाबा : त्या दिवशी मागे साहेब बसले होते ना तुझ्या?

छोट्या : कुठल्या दिवशी?

बाबा : तुला माहितीये.

छोट्या : हो. साहेब होते. नवीनच आले होते. त्यांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी म्हटलं, मी सोडतो.

बाबा : ऐक. तू हेल्मेट घालून बोलत होतास. हेल्मेटमध्ये माणसाला वाटतं, आपण फार हळू बोलतोय. माझंही व्हायचं तसं. दुकानदाराला पुटपुटत शिवी घालायचो आणि त्याला स्पष्ट ऐकू जायची.

छोट्या : बाबा...

बाबा : त्यांनी विचारलं, हे कोण. तू म्हणालास, जुने शेजारी आहेत.

छोट्या : माझ्या तोंडून निघून गेलं ते.

बाबा : पुढे पण काहीतरी म्हणालास.

छोट्या : वय झालंय म्हणालो.

बाबा : डोकं फिरलंय म्हणालास. शेजारी ठीक होतं रे. शेजारी काही वाईट नसतात. पण डोकं फिरलंय कशाला?

छोट्या : मला काही सुचलं नाही, बाबा. तुम्ही एकदम पुढ्यात आलात. साहेबांचा गुडघा धरलात, माझा समजून. ते दचकले. मागे सरकले. मला एकदम... मला वाटलं, काहीतरी सांगितलं पाहिजे.

बाबा : गुडघा साहेबांचा होता होय? मला वाटलंच, पँटचं कापड भारी आहे.

छोट्या : बाबा, हसू नका ना.

बाबा : मग काय करू? बरं, मला एक सांग. मी बरेच दिवस विचार करतोय, पण विचारायचं कुणाला? हिला विचारलं तर सगळं सांगावं लागेल. मी दिसत कसा होतो?

छोट्या : कसे म्हणजे?

बाबा : अरे, मला नाही ना दिसत. कसा होतो मी, ते सांग.

छोट्या : राहू दे, बाबा.

बाबा : सांग.

छोट्या : अर्ध्या तोंडाला साबण होता. कानात पण गेला होता थोडा. शर्ट उलटा होता. एक चप्पल तुमची, एक ताईची.

बाबा : ताईची?

छोट्या : ती फुलाची.

बाबा : आणि पायजमा?

छोट्या : पायजमा ठीक होता.

बाबा : चला, पायजमा तरी ठीक होता. मला त्याचीच काळजी होती.

छोट्या : तुम्हाला राग आला असेल.

बाबा : आला ना. येणारच की. जेवण जाईना. हिला सांगितलं, पोट बिघडलंय. हिनं नुसता भात घातला मला, वर तूपसुद्धा नाही. ते वेगळंच. रात्री मनात ठरवलं, उद्या आलास की सगळं बोलायचं. पण दुसऱ्या दिवशी तू आलाच नाहीस. आणि मग एका सकाळी ही अशी गेली, घसा बसलेली. वळणावर कण्हली तेव्हा कळलं, तू आहेस. आणि मग हेही कळलं की फिल्टर का बदलला.

छोट्या : मग हाक का नाही मारलीत?

बाबा : तू एवढा आटापिटा केलास, पेटी काय काढलीस, नरसाळं काय बसवलंस. त्यात मी गेटावर येऊन ओळखलं ओळखलं म्हणून ओरडायचं? तुला बरं वाटलं असतं? म्हटलं, बसावं खुर्चीत. आपणही ओळख दाखवू नये.

छोट्या : मला वाटायचं, तुम्हाला कळत नाही.

बाबा : तुला तसं वाटावं म्हणूनच बसायचो ना मी. पण एक कोडं मला सुटलं नाही. पुलाकडनं रस्ता आहे. चांगला आहे, मी गेलोय कितीदा. मग तू इथनंच का जातोस? आणि गेटाशी आलास की हळू करतोस. ही गाडी हळू केली की बंद पडणार, हे तुला कळत नाही असं नाही. तरी हळू करतोस. आज तेच झालं.

छोट्या : बघायचो.

बाबा : काय?

छोट्या : तुम्ही खुर्चीत आहात ना. बरे आहात ना.

बाबा : दिसायचो?

छोट्या : खिडकीतनं. अर्धे.

बाबा : दाढी केलेली असायची?

छोट्या : हो, बाबा.

बाबा : कापलेलं दिसायचं का?

छोट्या : रस्त्यावरनं एवढं नाही दिसत.

बाबा : बरं. रडू नकोस. ही येईल आता, आणि मग तिला काय सांगायचं ते मला सुचायचं नाही.

छोट्या : नाही रडत.

बाबा : नाक ओढतोयस. पूस ते. माझ्या शर्टाला नको, हिनं आत्ताच इस्त्री केलीय.

ताई : हा घ्या तुमचा डबा! सगळं गंजलंय त्यात. पाना तर डब्याला चिकटून बसलाय. काय चाललं होतं तुमचं?

बाबा : गाडीचं. पाना राहू दे, नाही लागायचा.

ताई : नाही लागायचा? मग मला शिडीवर कशाला चढवलंत?

बाबा : मला वाटलं, लागेल. छोट्या, माझा हात धर आणि ठेव त्या तुझ्या फिल्टरवर. हा काय? अरे, हा तर माझ्या मुठीएवढाच आहे. आणि एवढा आवाज करतो?

ताई : बाबा, हात भाजेल!

बाबा : इंजीन तिकडे आहे, अगं. इकडे गारच असतं. आता बघ छोट्या, मी हा अर्धा दाबून धरतो. हवा कमी जाईल, पेट्रोल ओढलं जाईल. सांगितल्यावर किक मार. एकच. रागानं नको मारू, सरळ मार. हं, मार.

(गाडी दोनदा खोकते आणि घुं घुं करत सुरू होते.)

ताई : झाली! बाबा, झाली सुरू! काढा आता हात.

बाबा : काढला तर बंद पडेल. तापू दे जरा तिला.

ताई : काय म्हणताय? मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाहीये!

बाबा : तापू दे म्हटलं!

छोट्या : बाबा, चुकलो मी.

बाबा : आँ?

छोट्या : चुकलो म्हणतोय.

ताई : चोक? आता चोक कशाला ओढतोस? चालू झालीय ना!

छोट्या : चोक नाही गं!

बाबा : काय म्हणतोय तो? ह्या भोंग्यापुढे काही कळत नाही. जा रे तू आता, साहेब वाट बघत असतील. मी हात काढला की लगेच रेस दे आणि नीघ. वळणावर गियर वेळेवर टाक.

छोट्या : बंद करतो.

ताई : अरे, बंद काय करतोस! आत्ता कुठे लागलीय! परत नाही व्हायची सुरू. बघितलं बाबा? केली बंद! ह्याला काही अक्कल आहे का?

बाबा : असू दे.

ताई : असू दे काय? पुढे चढ आहे. मी ढकलणार नाही हं, सांगून ठेवते.

बाबा : असू दे म्हटलं ना. बोल रे. काय म्हणत होतास?

छोट्या : चुकलो मी, बाबा. फार चुकलो.

ताई : हे फिल्टरचं ना? ते मघाशीच झालंय बोलून. मी चांगली खरडपट्टी काढलीय त्याची.

बाबा : हो, गाडीचंच म्हणतोय तो. चल गं, चहा टाक त्याला.

छोट्या : गाडीचं नाही, ताई.